दुधनेतली खोगीरभरती

सेलूच्या लुथरन मंडळीत धुरपताबाईला वचकून नसेल असा माणूस नव्हता. नवरा उपदेशक होता; तो गेल्यावर देवळाची झाडलोट आणि पोरांना धर्माची प्रश्नोत्तरं शिकवायचं काम बाईकडं आलं. बाप्तिस्मा म्हणजे काय, प्रभुभोजन म्हणजे काय, सगळं तोंडपाठ झाल्याशिवाय ती कुणाला दृढीकरणाला, म्हणजे मंडळीचा पक्का सभासद व्हायला, उभं राहू द्यायची नाही. जरा अडखळलं की, "पुढल्या वर्षी ये." पोटचा पोरगा सिताराम, त्यालाही तिनं दोनदा परत पाठवलेलं.

१९७४ साली रेव्हरंड नागनाथ पाळक म्हणून आले. मंडळी कशी वाढवावी याचा तीन महिन्यांचा कोर्स करून आलेले. तीन महिन्यांत पोरीला धड भाकरी थापता येत नाही, आणि हे गृहस्थ देवाचं राज्य वाढवायला निघाले! आल्या आल्या त्यांनी भिंतीवर तक्ता लावला. त्यात आपल्या मंडळीची लाल रेघ आडवी पडलेली आणि बाजारतळावरच्या तंबूवाल्या प्रचारकांची हिरवी रेघ वर चढलेली.

"बाई, तुमच्या पाठांतरात वर्ष जातं," साहेब म्हणाले. "तेवढ्यात तंबूवाले दोनशे माणसं नेतात. नदीत बुडवून दिलेला बाप्तिस्माच लोकांना खरा वाटतो. आपणही तसाच द्यायचा. लहानपणी डोक्यावर पाणी घेतलेल्यांनाही, पुन्हा."

"म्हंजी पयला खोटा?"

"खोटा कोण म्हणतं? फक्त मोजायचा नाही."

उथळ पाण्याला खळखळाट फार, असं बाई तोंडावर बोलली नाही. पण तिच्या नजरेत ते स्पष्ट होतं. साहेबांना ते दिसलं नाही. ते तक्त्याकडं बघत होते.

भांडण तत्त्वाचं होतंच, पण बाईच्या काळजातही ते रुतलेलं होतं. सितारामच्या पाठीवर तिला मुलगी झाली होती. जन्मल्याच दिवशी लेकरू निळं पडायला लागलं, आणि पाळक नेमके जिंतूरला गेलेले. जीव जात असेल तर कुणीही ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, हे तिला नवऱ्यानं शिकवलेलं. तिनं बाजेवरूनच हात लांबवून तांब्या घेतला, लेकराच्या टाळूवर तीनदा पाणी घातलं आणि नाव ठेवलं सत्यशीला. दिवस मावळायच्या आत पोर गेली. देवानं तिला पदरात घेतलं, या एका भरवशावर बाई तगली होती. आता नदीत उतरायचं म्हणजे ते पाणी वाया गेलं असं कबूल करायचं.

"तुम्ही उतरलात तर सगळे उतरतील," साहेबांनी गोडीत घेऊन पाहिलं.

"आमी काय बैलं हाव, बाजाराआधी धुऊन काढायला?"

तिच्यावाचून कुणाचं अडलं नाही. रविवारी दुधना नदीच्या काठावर ही गर्दी. एकजण तंबूवाल्यांकडं दोनदा बुडून आलेला, अगदी मुरलेला. पंचवीस वर्षं प्रभुभोजन घेणारे पंच तात्याराव धोतर खोचून रांगेत उभे. बाई काठावर उभी राहून ही खोगीरभरती बघत होती आणि तिला मनापासून किळस येत होती.

मग रांगेत सिताराम दिसला. साहेबांनी त्याला प्रचारकाची नोकरी कबूल केली होती, पण पहिला बाप्तिस्मा वहीत मोजायचा नाही या अटीवर.

"आधी बाप्तिस्मा झालाय?" वही घेऊन बसलेल्यानं विचारलं.

सितारामनं आईकडं पाहिलं. मग खाली पाहिलं.

"न्हाई."

साहेबांनी त्याला बुडवला. ठसकत, नाक शिंकरत तो वर आला आणि आईपुढं डोकं वाकवून उभा राहिला, तिनं पदरानं पुसावं म्हणून.

"माय, नोकरीपुरतं म्हनलो. मनात तसं न्हाई."

बाईनं पदर कमरेला खोचला.

"माझं एकच लेकरू ख्रिस्ती व्हतं, सित्या," ती म्हणाली. "ते सा तास जगलं."