मनुका नव्हे, बेदाणा

कॅप्टनला टेबलावर आडवं केलं तेव्हा त्याला धरायला कुणीच लागलं नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. हा लॅब्रॅडोर एरवी साध्या लसीच्या सुईला अख्खं क्लिनिक डोक्यावर घेतो. त्या दिवशी सलाईनची सुई टोचली तरी त्याने मान वळवली नाही. आदल्या दिवसापासून उलट्या, पोटात पाणी ठरत नाही, आणि सकाळपासून लघवीला गेलेला नाही, असं सुभेदार सांगत होते. यातली शेवटची गोष्ट मला अजिबात आवडली नाही.

सुभेदार म्हणजे तासगावकडच्या एका गावचे निवृत्त फौजी. थोडा ऊस, बरीचशी द्राक्षबाग आणि स्वतःची बेदाण्याची शेड. मुलगाही फौजेत. कॅप्टन खरा त्या मुलाचा. एका सुट्टीत तो पिल्लू घेऊन आला, त्याचं नाव कॅप्टन ठेवलं आणि ड्युटीवर निघून गेला. तेव्हापासून सुभेदार येईल त्याला सांगत, की पोराने घरातसुद्धा माझ्या वरच्या रँकचा अधिकारी आणून बसवलाय. कॅप्टनचं सगळं करायच्या मात्र शालनकाकू, म्हणजे सुभेदारांच्या पत्नी. आता मुलगा पुढच्याच आठवड्यात पुन्हा सुट्टीवर येणार होता, आणि त्याचा कुत्रा माझ्या टेबलावर असा मऊ पडला होता.

आमच्या धंद्यात पेशंट बोलत नाही. त्यामुळे निम्मं निदान मालकाच्या तोंडून काढून घ्यावं लागतं, आणि मालक फार बोलतात. मी नेहमीचे प्रश्न विचारत गेले. उंदराचं औषध टाकलं होतं का? बागेत फवारणी केली होती का? शेडच्या आसपास साप निघाला का? सगळ्याला उत्तर नाही. खाण्यात चॉकलेट, कांदा, द्राक्षं, मनुका असं काही आलं का?

"आवं मॅडम, मनुका आमच्या घरात येतच न्हाई," काकू म्हणाल्या. "द्राक्षं तर कवाच संपली. बाहेरचं तेला मी कायबी देत न्हाई. सगळं घरचंच हाय."

'घरचं' हा शब्द आमच्याकडे सर्टिफिकेटसारखा वापरतात. एकदा घरचं म्हटलं की पुढचा प्रश्न विचारणाराच वाईट ठरतो. मीही तो विचारला नाही. रक्त घेतलं, सलाईन सुरू केलं आणि दोघांना बाहेर बसायला सांगितलं. सुभेदार बसले. काकू कॅप्टनच्या डोक्याशी स्टूल ओढून बसल्या, आणि त्यांना तिथून उठवण्याची हिंमत माझ्यात नव्हती.

रिपोर्ट आला तो वाईट होता. क्रिएटिनिन खूप वाढलेलं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा समजा. किडनी तो गाळते आणि लघवीवाटे बाहेर टाकते. तो रक्तात साचायला लागला, याचा अर्थ गाळणी काम करेनाशी झालीय. चार वर्षांच्या धडधाकट कुत्र्याची किडनी एका दिवसात आपोआप बसत नाही. काहीतरी पोटात गेलंय हे नक्की होतं, आणि काय ते कळल्याशिवाय मला पुढचं नीट ठरवता येत नव्हतं.

मी सुभेदारांना काउंटरपाशी बोलावलं आणि म्हटलं, गेल्या चार दिवसांत याच्या तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट सांगा. ते फौजी शिस्तीत सांगू लागले. भाकरी, दूध, अंडं, भात. आणि हिची बिस्किटं.

बिस्किटांची हकिगत अशी. मुलगा गेल्या सुट्टीवरून परतला तेव्हापासून कॅप्टन धड जेवत नव्हता. दारात बसून राहायचा. काकूंनी मोबाइलवर कुत्र्याची बिस्किटं करायचा एक व्हिडिओ पाहिला. दिवाळीत आपण रवा, मैदा, तूप घेऊन बेकरीत जातो आणि आपल्यासमोर नानकटाई भाजून आणतो. तशाच त्या गव्हाचं पीठ, भोपळ्याचा गर, अंडी, शेंगदाण्याचं कूट असं सगळं घेऊन गावातल्या बेकरीत गेल्या. बेकरीवाल्याने ट्रे लावून दिला. भट्टी काय थोड्यासाठी पेटवतात? त्यामुळे चांगला पत्र्याचा डबा भरून बिस्किटं निघाली. कॅप्टनने ती मिटक्या मारत खाल्ली. कित्येक दिवसांनी तो खाताना दिसला म्हणून काकू त्या दिवशी रडल्या, असं सुभेदार म्हणाले.

येताना त्यांनी वाटेत चारायला म्हणून चार बिस्किटं पिशवीत घातली होती. त्यातलं एक मी मोडून पाहिलं. आत काही दिसेना. मग मी ते चावलं. कुत्र्याची बिस्किटं चाखणं आमच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत, पण त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. बिस्किट छान खुसखुशीत होतं. आणि गोड होतं.

"गूळ घातलाय?" मी विचारलं.

"न्हाई. साखर नको, गूळ नको, असं त्या व्हिडिओत सांगितलंय. मग गोडीला बेदाणं घातल्यात. भिजवून मिक्सरला वाटून. आपल्याच शेडचं, एक नंबर माल हाय."

"सुभेदार, मी मघाशी मनुका विचारलं ना?"

"मनुका न्हाई, मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "बेदाणा."

मी जन्माने सांगलीची नाही, नोकरीने झालेली आहे. इथल्या माणसाला मनुका म्हणजे काळी, बियांची, खोकल्याला दुधात उकळून द्यायची ती. ती दुकानातून आणायची. बेदाणा म्हणजे बिनबियांचा, हिरवट पिवळा, रॅकवर वाळवलेला. तो पिकवायचा, निवडायचा, पेट्या भरायच्या, पाहुण्याच्या हातावर मूठभर ठेवायचा. ज्याच्यावर घर चालतं त्याला इथे कुणी मनुका म्हणत नाही. व्हिडिओतल्या बाईने मनुका अजिबात घालू नका म्हणून बजावलं होतं, आणि काकूंनी ते तंतोतंत पाळलं होतं. द्राक्ष वाळून काहीही होवो, कुत्र्याच्या किडनीला ते सारखंच. त्या बाईला हे माहीत होतं आणि काकूंना इथलं मराठी येत होतं. दोघींत एका शब्दाचा फरक होता.

मी सुभेदारांना समजावून सांगितलं.  मग त्यांनी आतल्या खोलीकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, हिला सांगू नका. काय बी सांगा, फवारणी सांगा, साप सांगा. हिच्या हातनं झालंय म्हटल्यावर ही उभी राहायची न्हाई. पोरगं येणार हाय. तेच्यापुढं कसं उभं राहील ती?"

खरं सांगायचं तर मला ते पटलं. कॅप्टनवरचे उपचार कारण कुणाला सांगितल्याने बदलणार नव्हते. सलाईन, औषधं, लघवीवर लक्ष. काकूंना कळून कॅप्टनला काय मिळणार होतं? मी म्हटलं, ठीक आहे, पण उरलेला डबा आज फेकून द्या.

"सगळा डबा घरात कुठं हाय," ते म्हणाले. "अर्धा रहिमतपूरला गेलाय. माझ्या बहिणीकडं. तिचं बी कुत्रं हाय, चिंगी. पामेरियन."

पामेरियन म्हणजे मांजराएवढा जीव. कॅप्टनच्या अंगाला जे बाधलं, त्याचा थोडा भागही तिला पुरला असता. मी त्यांना तिथल्या तिथे फोन लावायला लावला. सुभेदारांनी स्पीकरवर ठेवला आणि बहिणीला सांगितलं, की वहिनीने पाठवलेली बिस्किटं चिंगीला देऊ नको, त्यांना बुरशी आलीय.

पलीकडून बहीण हसली. वहिनीच्या हातचं कधी खराब होतंय व्हय, म्हणाली. सकाळीच चिंगीला दोन दिली, एक मीपण खाल्लं, चांगली हायत. सुभेदार म्हणाले, तरी डॉक्टरला दाखव. ती म्हणाली, बुरशीला कुणी डॉक्टर गाठतं का, आणि आमची चिंगी तर अंगणात पळतीय.

इथे थोडं सांगायला हवं. असं काही पोटात गेल्यावर पहिल्या काही तासांत डॉक्टरने औषध देऊन कुत्र्याला उलटी करवली तर बरंचसं बाहेर पडतं. एकदा ते रक्तात उतरलं की मग कॅप्टनसारखं वाट बघत बसावं लागतं. चिंगी अंगणात पळत होती म्हणजे तिच्याकडे अजून वेळ होता. आणि तो वेळ आम्ही एक सोयीचं खोटं पटवण्यात घालवत होतो.

मी फोन घेणार तेवढ्यात काकू दारात आल्या. त्यांनी बुरशी हा शब्द ऐकला होता.

"कशाला आली बुरशी?" त्यांनी विचारलं. "मी काल तर डबा बघितलाय."

सुभेदार त्यांच्या पाठीमागे जाऊन मला मान हलवून नाही म्हणत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"काकू, बिस्किटांत बेदाणे आहेत. कुत्र्याला द्राक्षाचं काहीच चालत नाही. ताजं नाही, वाळलेलं नाही. कॅप्टनला त्यानेच झालंय."

काकू रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, की किती खाल्ल्यावर बाधतं. मी म्हटलं, तेच कुणाला सांगता येत नाही. एखादा मूठभर खाऊन खेळत राहतो, एखाद्याची किडनी थोड्याशाने बसते. मग त्यांनी नवऱ्याच्या हातातून फोन घेतला.

"वन्सं, मी बोलतीया. बुरशी न्हाई आली. बिस्किटात मी बेदाणं घातल्यात आन् कुत्र्याला ते इख हाय. आमचा कॅप्टन सलाईनवर पडलाय. माझ्या हातनं झालंय. तुमी आत्ता उठा, चिंगीला उचला आन् सातारला जावा. मॅडम डॉक्टरांचं नाव सांगत्यात."

पलीकडे कुणी हसलं नाही. मी साताऱ्यातल्या माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन करून ठेवला. दुपारी त्यांचा निरोप आला, की उलटी करवली, बरंच बाहेर पडलं, चिंगी ठीक आहे, दोन दिवस रक्त तपासत राहू.

कॅप्टनचं मात्र तसं नव्हतं. त्याच्या पोटात ते कधीच जिरलेलं होतं. सलाईनचा जोर लावून किडनीला धक्का द्यायचा आणि लघवी होते का पाहायचं, एवढंच हातात होतं. दुसरा दिवस तसाच गेला. काकू स्टुलावरून हलत नव्हत्या. सुभेदार माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. त्यांचा राग मला दिसत होता आणि तो मला चुकीचाही वाटत नव्हता.

त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. त्याच्याकडे रेंज कधी असते, कधी नसते. सुभेदारांनी कॅप्टन जरा आजारी आहे एवढं सांगून फोन पुढे केला. काकूंनी तो घेतला आणि नणंदेला सांगितलं होतं तेवढ्याच शब्दांत सगळं त्याला सांगितलं. तू येस्तवर तो असंल का न्हाई, म्हायीत न्हाई, असंही म्हणाल्या. सुभेदार उठून बाहेर निघून गेले.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, काकू, दोन दिवस थांबायचं होतं. तो वाचला असता तर मग सांगितलं असतं.

"मग त्येला काय अर्थ हाय, मॅडम?" त्या म्हणाल्या. "कुत्रं जगलं म्हणून खरं बोलली, मेलं असतं तर गप बसली असती. असंच झालं असतं की."

मुलगा काय म्हणाला, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. तो म्हणाला, आई, तू जेवलीस का.

हे सांगताना मात्र त्या रडल्या. आदल्या दिवसापासूनचं सगळं तेव्हा बाहेर पडलं. मी जेवणाचा डबा आणायला सांगितला आणि त्यांना माझ्या केबिनमध्ये बसवून चार घास खायला लावले.

तिसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टनच्या खालची गादी ओली सापडली. क्लिनिकमध्ये गादी ओली झाली म्हणून एवढा आनंद झाल्याचं मला तरी आठवत नाही. क्रिएटिनिन हळूहळू उतरत गेलं. आठवड्याने त्याला घरी न्यायला मुलगा स्वतः आला. कॅप्टनने आधी त्याला चाटलं आणि मग नेहमीसारखं सुईवरून क्लिनिक डोक्यावर घेतलं.

जाताना काकूंनी माझ्या भिंतीवरची पाटी नीट वाचली. कुत्र्याला काय देऊ नये, त्याची. त्यावर मनुका असं लिहिलेलं पाहून त्या म्हणाल्या, हितं बेदाणा लिवा, आमच्या गावात ही पाटी कुणाला कळायची न्हाई. मी दुसऱ्या दिवशी पाटी बदलून घेतली. द्राक्ष, मनुका, बेदाणा, किसमिस, सगळं एका ओळीत.

सुभेदार सर्वांत शेवटी निघाले. दारात थांबून म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही माझी ऑर्डर मोडली."

"मोडली."

"बरं केलंत. मी हिला कमी समजलो."

मीही काकूंना कमीच समजले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. पेशंटच्या घरचे अजूनही मला बाजूला घेऊन म्हणतात, की त्याला सांगू नका, तिला झेपणार नाही. मी ऐकून घेते आणि जे असेल ते सगळ्यांना सांगते. माझं रजिस्ट्रेशन जनावरांपुरतं आहे. माणसाला काय झेपतं, हे ठरवायचा परवाना मला कुणी दिलेला नाही.