फ्रीजपायी गेलेली तीन मिनिटे

दोन हजारच्या दशकात वारूळवाडीत आमच्या शेजारी एक निवृत्त ढोलकीवादक आणि त्यांची पत्नी राहत. काकू पूर्वी नारायणगावच्या एका तमाशा फडात गात. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज कुजबुजण्यापुरता उरला होता. फार वर्षांपूर्वी एका परदेशी अभ्यासक बाईंनी काकांच्या ढोलकीवर त्यांची लावणी ध्वनिमुद्रित केली होती. ती एका इंटरनेट रेडिओवर एकदाच, आपल्याकडच्या वेळेनुसार दुपारी चार वाजता लागणार, असे त्या बाईंनी पत्राने कळवले. काकूंनी स्वतःचे गाणे कधीच ऐकले नव्हते.

मी शिकवत असे त्या शाळेने मोडीत काढलेला एक संगणक मी घरी आणून त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली घातली होती. मी दोघांना समोर बसवून रीतसर समजावले. एरवी रेडिओ आवाज दाबून पाठवतो, त्यात बारकावे गळतात. हे केंद्र लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेला आवाजही पाठवते. तोच आपण फाइलीत उतरवून घ्यायचा. वाजवणे आणि उतरवणे या जुन्या यंत्राला एकदम झेपत नाही, म्हणून स्पीकर बंद राहतील. काका मान डोलावत होते. माझे समाधान झाले.

चार वाजता फाइलीचा आकार दाखवणारा आकडा पडद्यावर वाढू लागला. काकांनी खुणेनेच पंखा बंद करायला लावला. मग कुत्र्याला लांब बांधून आले. काकूंना खोकला आला, तर त्यांनी तोंडात पदर कोंबला. मला तो गाण्याचा आदर वाटला. थोड्या वेळाने काका पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले, आणि आकडा थांबला.

फ्रीज घरघरत होता, म्हणून त्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले होते. मोडेम त्याच बोर्डावर होता.

“रेकॉर्डिंगमदी आवाज आला असता ना, बाई,” काका म्हणाले. “फडात आमी जनरेटरसुद्धा लांब ठेवायचो.”

दाबलेला आणि न दाबलेला आवाज यांतला फरक मी तासभर शिकवला होता. गाणे खोलीतून नव्हे, तारेतून येते, एवढेच सांगायचे राहिले होते.

मोडेम पुन्हा जोडला जाईपर्यंत तीन मिनिटे गेली. पुढचा भाग मी दुसऱ्या फाइलीत घेतला आणि कार्यक्रम संपल्यावर स्पीकर लावले. काकूंचा आवाज दोन्ही फाइलींत होता, धारदार, कुठेही न थकलेला. गेली होती ती मधली एकट्या काकांची ढोलकी.

काकू डोळे मिटून ऐकत होत्या. “लई घाई करतीय ही,” त्या कुजबुजल्या.

“तवा बी मी हेच सांगत व्हतो.”

“तुमची ढोलकी न्हाई आली, अवो.”

“नसंना का. लावा बाई, पहिल्यापासनं.”

सीडी करून मी तिच्यावर लिहिले : ‘मधली तीन मिनिटे नाहीत.’

काकूंनी वाचून पेन माझ्यापुढे धरले. “कुणी घालवली, ते पण ल्याहा.”

मी ‘चूक शिक्षिकेची’ असे लिहिले. काकूंना ते पटले नाही; त्यांनी काकांकडे बोट दाखवले.