हडंब्यापायी बेडूकउड्या

“निघा! निघा रे बाहेर! हादरा आला, हादरा!”

खालच्या खताच्या दुकानाचे शेठ असे ओरडले की त्यांचा आवाज पार सेनगाव नाक्यापर्यंत गेला असावा. आमच्या हिंगोलीत हा शब्द कोणी थट्टेत वापरत नाही. जिल्ह्यातली जमीन अधूनमधून पोटातून गुरगुरते, मांडणीवरची भांडी वाजवते आणि पुन्हा गप्प होते. त्यामुळे ‘हादरा’ म्हटलं की माणूस आधी रस्त्यावर येतो, चपला मागाहून शोधतो. दोन मिनिटांत गल्ली भरली. समोरच्या सलूनमधलं गिऱ्हाईक एका गालाला फेस लावून उभं होतं. टेलरमास्तर कोणाची तरी बिनबाह्यांची सफारी छातीशी धरून धावत आले. एकानं शेळीसुद्धा सोडून आणली होती. शेळी मी स्वतः पाहिली नाही, पण एवढ्या गर्दीत शेळी असतेच.

आणि शेठच्या बरोब्बर डोक्यावर, पहिल्या मजल्यावरच्या आमच्या ऑफिसात, चार शिकलीसवरलेली माणसं बेडूकउड्या मारत होती.

“ओ इंजिनेर!” जिना चढून आलेले शेठ दारात धापा टाकत उभे राहिले. हातात चहाचा कप, कपात छताचा पोपडा. “काय करून राहिले तुमी?”

“ट्रेनिंग आहे, शेठ.”

“कशाचं? डबक्यात राह्याचं?”

ते खेळ शिकवायला पुण्याहून आलेले साहेब गुडघे झाडत पुढे आले. तिशीचा माणूस, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. “काका, याला एनर्जायझर म्हणतात. शरीर मोकळं झालं की मेंदू मोकळा होतो, मग नव्या कल्पना येतात.”

शेठनी कपातला पोपडा बोटानं काढला, साहेबांना दाखवला आणि म्हणाले, “ही आली पाहा पहिली.”

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. आमची सॉफ्टवेअरची टीम म्हणजे तिघांची फौज: मी, पुसेगावहून मोटारसायकलवर येणारा एक प्रोग्रामर आणि सेनगावहून एसटीनं येणाऱ्या एक ताई. पुण्याच्या एका कंपनीसाठी आम्ही मळणीयंत्राच्या, म्हणजे आमच्याकडच्या हडंब्याच्या बुकिंगचं अ‍ॅप करत होतो. शेतकऱ्यानं नाव टाकायचं, गाव टाकायचं, सोयाबीन किती एकर ते टाकायचं आणि तारीख निवडायची. पहिल्या तीन स्क्रीन लोक झपाझप भरायचे. चौथ्या स्क्रीनवर कॅलेंडर आलं की सगळी पब्लिक गायब. जणू त्या पानावर नाग बसला होता.

ते कॅलेंडर मी सात वेळा बदललं. हिरवं केलं, मोठं केलं, त्यात तिथी टाकल्या, अमावस्येला काळा ठिपका दिला. शेवटी माझ्याच आवाजात ‘कृपया तारीख निवडा’ असं ध्वनिमुद्रण घातलं. त्यानंतर तर दुसऱ्या स्क्रीनवरूनच लोक पळायला लागले.

कंपनीनं निर्वाणीचं कळवलं होतं: सोयाबीन काढायला आलंय. आमचा माणूस एक दिवस पाठवतो, टीमची क्रिएटिव्हिटी जागी करतो. पाच वाजता व्हिडिओ कॉलवर नवीन काही दाखवलंत तर ठीक, नाहीतर काम पुण्याला घेतो.

पुण्याला मी गेलोही असतो. एका खोलीत सहा पलंग आणि एक बादली, हे मी आठ वर्षं भोगलं आहे. पुसेगावच्या गड्याला तर मुंबईसुद्धा चालली असती. प्रश्न ताईंचा होता. त्यांच्या सासूबाई नातवाला सांभाळायला तयार झाल्या त्याच एका बोलीवर: नोकरी हिंगोलीपर्यंत, पुढं एक स्टॉप न्हाई. कॉम्प्युटर शिकलेल्या बाईला हिंगोलीत दुसरी नोकरी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात उभं राहणं, आणि तिथंही आधीच दोन एम.एस्सी. उभ्या होत्या. आमचं दार बंद झालं असतं तर ताई घरी बसल्या असत्या, कायमच्या. हे तिघांनाही माहीत होतं. त्या सकाळी ताईंनी डबा टेबलावर ठेवला तोच आवाज न करता.

तशाही त्या अबोलच. आमच्या पद्धतीत रोज सकाळी उभ्यानं बैठक असते, पंधरा मिनिटांची, म्हणजे कोणी भाषण ठोकू नये. ती आमच्याकडे दीड तास चालायची. त्यात ताईंचं वाक्य एकच: “कालचं झालं, आजचं करते.” मी अगदी कंटाळून गेलो होतो. दगडाला पाझर फुटेल, या बाईंच्या तोंडून दुसरं वाक्य फुटणार नाही! मी आवर्जून विचारायचो, ताई, कॅलेंडरचं काही सुचतंय का? आणि त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून लगेच मीच माझ्या चार-पाच कल्पना सांगून टाकायचो. माणसानं याहून जास्त काय करावं?

तर बेडूकउड्या झाल्या. मेंदू कोणाचा मोकळा झाला नाही, माझा गुडघा मात्र झाला.

दुसरा खेळ मनोऱ्याचा. त्याचं सामान साहेबांनी आदल्या दिवशीच व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं: स्पगेटीच्या वीस काड्या आणि एक मार्शमेलो. मी अख्खी हिंगोली पालथी घातली. एका किराणावाल्यानं मला स्पगेटी हे कीटकनाशक समजून खाली शेठकडे पाठवलं. शेवटी मीच डोकं लढवलं. गव्हाचं, लांब, बारीक, वाळवलेलं म्हणजे काय? शेवया! घरच्या, हातच्या, उन्हाळ्यात खाटेवर वाळवलेल्या. आणि पांढरं, गोड, हलकं म्हणजे बत्तासा.

साहेबांनी शेवयांचा पुडा उघडला आणि फोनवरच्या यादीशी ताडून पाहिला.

“सर, यांचा मनोरा करायचाय. वर हा… हा बत्तासा राहिला पाहिजे.”

“राहील की,” मी म्हणालो.

शेवई उभी राहीना. दोन बोटांत धरली की तुकडा, चिकटपट्टी लावली की भुगा. दहा मिनिटांत टेबलावर खिरीची पूर्वतयारी झाली. पुसेगावच्या गड्याच्या नाकपुड्या फुगल्या. “दादा, ह्याला काय अर्थ हाय का? मनोराच पाह्यजे ना ह्यांला? थांबा.” असं म्हणून तो जिना उतरला आणि शेठच्या मागच्या कुंपणातून तुराट्यांचा भारा उपसून घेऊन आला. तुरीचं पीक निघाल्यावर उरलेल्या त्या वाळक्या काठ्यांनी आमच्याकडे कुंपणं होतात, कूड होतात, चुली पेटतात. त्यानं सुतळी काढली, आडव्या-उभ्या बांधल्या, तिढे मारले आणि पाव तासात पाखरं राखायला रानात असतो तसला माळा ऑफिसच्या मधोमध उभा केला. पंखा बंद करावा लागला. वर बत्तासा ठेवला. मग म्हणाला, “बसा वर.”

“मी?” साहेब म्हणाले.

“मंग बत्ताशानं काय कळणार हाय मजबुती?”

तुराट्यांवर माणूस बसत नाही असं म्हणणाऱ्यानं पुसेगावची बांधणी पाहिलेली नाही. साहेब बसले. बसले ते ठीक, उतरायला मात्र धजेनात. अर्धा तास पांढरे बूट माझ्या डोक्यावर लोंबकळत होते आणि खालून शेठचा आवाज येत होता, “माझं कुंपन कोणी उपसलं रे? म्हशी दुकानात येऊन राहिल्या!” म्हशी दोनच होत्या. मला त्या क्षणी चाळीस वाटल्या.

तीन वाजले. मनोरा झाला, खीर झाली, हादरा झाला. चौथ्या स्क्रीनचं काय? काही नाही! मी कपाळ धरून बसलो. पाचला कॉल. ताईंनी एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि पदरानं टेबलावरचा शेवयांचा भुगा गोळा करायला घेतला.

“आता शेवटचा खेळ,” साहेब म्हणाले. त्यांची शिट्टी कुठेतरी माळ्यात हरवली होती आणि आवाजातला उत्साहही. “प्रत्येकानं एक कागद घ्यायचा. शेतकरी चौथ्या स्क्रीनवर आलाय, त्याच्या डोक्यात काय चाललंय, त्याचं चित्र काढायचं. नियम एकच. कोणी बोलायचं नाही. जो बोलेल तो खेळ संपेपर्यंत बाहेर. सुरू.”

“सोपं आहे,” मी म्हणालो.

“सर, आऊट.”

“अहो, मी फक्त म्हटलं की—”

“आऊट.”

माझ्या ऑफिसातून, मी स्वतः भाडं ठरवलेल्या खोलीतून, मला गॅलरीत काढलं आणि आतून कडी लावली. संतापानं मी तिथं येरझाऱ्या घातल्या. खालून शेठनी वर पाहिलं.

“काहून उभे बाहेर?”

“काढलं.”

“कोणी?”

“ट्रेनिंगवाल्यानं. बोललो म्हणून.”

“किती येळ बोलले?”

“दोन शब्द, शेठ! दोन!”

शेठना ते पटलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की माझ्या तोंडून दोनच शब्द निघाल्याची नोंद हिंगोलीत आजवर कोणाकडे नाही. मग मी त्यांना आजच्या ट्रेनिंग पद्धती, पुण्याची माणसं, शिक्षणाचा ऱ्हास आणि कॅलेंडरच्या माझ्या आठव्या योजनेबद्दल सविस्तर सांगितलं. मध्येच शेठ दुकानात निघून गेले, तेव्हा उरलेलं म्हशींना सांगितलं. खिडकीच्या काचेतून आत पाहिलं तर पुसेगावचा गडी पेन्सिल चावत होता आणि ताई खाली मान घालून भराभरा रेघा ओढत होत्या. आठवी योजना त्यांना कळावी म्हणून मी काचेवर टकटक केली, हातवारे केले. साहेबांनी उठून पडदा ओढला.

साडेचारला कडी उघडली.

पुसेगावच्या गड्यानं एक म्हातारा काढला होता आणि त्याच्या डोक्यावर मोठं प्रश्नचिन्ह. साहेब ताईंचा कागद उलटासुलटा करून बघत होते. कागदावर लागून लागून पाच शेतं होती, मध्ये बांध. प्रत्येक शेतात सोयाबीनची सुडी, म्हणजे कापून रचलेली गंजी, आणि एका सुडीपासून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे, बांध ओलांडत जाणारा हडंबा. तारीख कुठंच नव्हती. कॅलेंडरच नव्हतं. खाली दोन शब्द: ‘कोणाच्या नंतर?’

“हे काय आहे, मॅडम?” साहेबांनी विचारलं. “आता बोललं तर चालेल.”

मी तोंड उघडलं. साहेबांनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. “आमच्याकडं सोयाबीन कापलं की सुडी घालून ठेवतेत. हडंबा शिवारात शिरला की तो बांधाला बांध लागून फिरतो. एका रानात किती येळ लागंल, मधी बिघडंल का, पाणी येईल का, कोणाला माहीत? तारीख कोणीच सांगू शकत न्हाई. सासऱ्यांना इचारलं, आपलं कधी, तर म्हणतेत, ‘वरच्या रानाचं झालं की आपलं.’ अन् आपलं अ‍ॅप तारीख मागतं. मंग माणूस काय दाबंल? तो फोन खिशात ठेवतो. तारखेऐवजी शेजाऱ्याचं नाव इचारायचं. कोणाच्या नंतर. बस.”

चार वर्षांतलं त्यांचं ते सगळ्यात लांब भाषण. पुसेगावच्या गड्यानं कपाळावर हात मारला. “आमच्या घरी बी असंच की! माह्या बापानं तर जिंदगीत तारीख सांगितली न्हाई!”

आणि मी? मी सुडीवर झोपून मोठा झालेला माणूस. आमच्या घरचा हडंबा दरवर्षी चुलत्यांच्या रानातून बांध ओलांडून आला, आणि मी सात कॅलेंडरं रंगवत बसलो. माझ्या अमावस्येच्या काळ्या ठिपक्याकडे मला बघवेना.

पाचला कॉल लागला. पुण्याच्या कंपनीतल्या, आमचं काम बघणाऱ्या बाईंनी कागद स्क्रीनवर मोठा करून पाहिला, दोन प्रश्न विचारले, दोन्हींना ताईंनी एकेका वाक्यात उत्तर दिलं. मग त्या म्हणाल्या, “ठीक आहे. हे करा. काम तिथेच राहू द्या, हंगाम संपला की पुढचं बोलू.” साहेबांनी ‘बघा, खेळांची कमाल’ अशा अर्थी छाती फुगवली आणि जागा मिळावी म्हणून लवकर स्टँडवर निघून गेले. पुसेगावचा गडी तुराट्या सोडून शेठचं कुंपण पुन्हा लावायला उतरला.

ताईंची बस साडेपाचची. त्या डबा पिशवीत भरत होत्या, चेहऱ्यावर खुशी ना नाराजी. मला मात्र राहवेना. चार महिने मी रक्त आटवलं, उड्या मारल्या, गुडघा घालवला, कुंपण उपसवलं!

“ताई, हे शेजाऱ्याचं तुमाला कधी सुचलं?”

“पह्यल्या दिवशीच.”

“पहिल्या दिवशी? अहो, मंग इतके दिवस बोलल्या काहून न्हाई?”

त्यांनी पिशवीची चेन लावली, पिशवी खांद्याला अडकवली.

“तुमी बोलून राहिले व्हते, सर.”