बिफोरचा व्हिडिओ

"केसांना चपचपीत तेल लाव. आणि पहिल्या दिवशी बोलली होतीस ना, अगदी तसंच बोल. घाबरून."

बारामतीतल्या आमच्या इंग्लिश स्पीकिंग क्लासचे सर मोबाइल स्टँडला लावता लावता मला सांगत होते. क्लासची जाहिरात करायची होती. आधीची गावंढळ मी, नंतरची फाडफाड बोलणारी मी. दोन्ही व्हिडिओ एकाच दुपारी.

तो पहिला दिवस डोक्यातून जातच न्हाय. निरवांगीहून एसटीनं आले होते. सरांनी उभं केलं, घरच्यांबद्दल बोल म्हणले. वडील गेल्यापासून आमचं घर आई चालवते. वांगी, भेंडी लावते, तोडते, मार्केटला आणते. एवढंच सांगायचं होतं. मी म्हणलं, "माय मदर ड्राइव्ह्ज अवर हाऊस." आमच्याकडं ट्रॅक्टरबी चालवतात अन् घरबी चालवतात, मला काय माहीत! पुढच्या बाकावरची, गाडीतून येणारी पोरं बाकं बडवून हसली. एक म्हणला, "सर, हिच्या घराला गिअर किती?" सरबी हसले. ते जास्त लागलं.

मग मी हट्टालाच पेटले. कुठला शब्द कशासोबत बसतो ते घोकत सुटले. भेंडी तोडताना, एसटीत, भाकरी थापताना. रन अ शॉप. रन अ फीव्हर. रन अ टेस्ट. दुकान, ताप, तपासणी, सगळ्याला एकच रन! आई म्हणायची, "काय पुटपुटतीस गं येड्यावानी? जेव आधी."

आता पुढ्यात कॅमेरा. बाकं बडवणारी तीच पोरं लाइट धरून उभी.

मी म्हणलं, "माय मदर रन्स अवर हाऊस."

"अगं, बरोबर नको! चुकीचं पाहिजे. लोक हसले की शेअर करतात."

अंगाचा नुसता भडका उडाला. हा व्हिडिओ कळस गावच्या मावशीच्या मोबाइलवर जाणार, गावाच्या ग्रुपवर फिरणार. आई बघणार. तिला इंग्रजी कळत न्हाय, पण माणसं हसत्यात ते बरोबर कळतं.

"सर, मी हे बोलणार न्हाय."

"हॉस्पिटलच्या रिसेप्शनसाठी मी शब्द टाकलाय तुझ्यासाठी. विसरलीस?"

विसरले नव्हते. त्या नोकरीसाठीच तर सगळी धडपड चालली होती.

"मागं घ्या शब्द. माझ्या आयवर हसायला मी माणसं गोळा करून देणार न्हाय."

"एवढा माज?"

"व्हय. हाय माज."

बॅग उचलली अन् निघाले. एसटी स्टँडवर एका जागी बसवेना. सरांचा राग होताच, पण त्या पहिल्या दिवशी मी तोंड का शिवून घेतलं, ह्याचा जास्त.

सोमवारी हॉस्पिटलात मुलाखत हाय. बिनशिफारशीची जाणार. घरचं विचारतील. आई काय करते ते सांगीन, येईल तशा इंग्रजीत, अडलं तर मराठीत. न्हाय घेतलं तर दुसरीकडं जाईन. पण कुणी हसलं, तर तिथंच थांबवीन अन् विचारीन, काय हसण्यासारखं हाय त्यात? उत्तर घेतल्याबिगर उठणार न्हाय.