आबांच्या ताटातली डावी बाजू

मी डोळ्यांची डॉक्टर आहे, पण चष्म्याचा नंबर काढणारी नव्हे. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस आणि तिच्या पुढचा सगळा रस्ता, हे माझं काम. जालन्यात दवाखाना टाकला तेव्हा लोक पाटी वाचून आत यायचे आणि विचारायचे, "म्हंजे मोतीबिंदू करत न्हाई का तुम्ही?" नाही म्हटलं की तोंडं वाकडी व्हायची. मग मी सांगायचे, विहिरीवरची मोटर चांगली आहे, पण केबल जळाली तर पाणी येईल का? शेतकरी माणसाला हे बराबर कळतं.

माझ्या आबांना, म्हणजे वडिलांना, हे उदाहरण इतकं आवडलं की आमच्या गावच्या, टेंभुर्णीच्या बाजारात ते स्वतःच सांगत फिरायचे. पोरगी नसेची डॉक्टर म्हणून छाती काढून चालायचे. माझाही तोरा काही कमी नव्हता. तो उतरवला माझ्या आईनं, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर आईचे फोन सुरू झाले. "हे रोज ताटावर बसले की भांडण काढून राह्यले. म्हंतात, चटणी वाढलीच न्हाई. अगं, समोर वाढते मी!"

आमच्याकडे ताट वाढण्याची रीत ठरलेली. चटणी, लोणचं, कांदा डावीकडे. भाजी, वरण उजवीकडे. आई लग्न होऊन आली तेव्हापासून यात बदल नाही. घरात कुणी उलटं वाढलं तर ती ताट परत मागायची.

माझ्या दाराबाहेर पेशंट ताटकळलेले. मी म्हटलं, "आई, लहान पोरांसारखं काय करता दोघं? हातावर ठेव ना त्यांच्या चटणी!" आणि फोन ठेवला.

पुढच्या फोनला ती रडत होती. आबांनी पाहुण्यांसमोर सांगितलं होतं, "ही मला कोरडी भाकर घालून राह्यली." आईला हे फार लागलं. मी चिडून आबांना फोन लावला, तर तेच माझ्यावर ओरडले, "तू तुझ्या आईचीच बाजू घे!" त्यांच्या मोटरसायकलचा डावा आरसा फाटकाला घासून फुटला होता, तेही मला माहीत होतं. मी म्हटलं होतं, नवा बसवा. दिवाळीत मीच त्यांचे डोळे तपासले होते. दोन्ही डोळ्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी गडगडा वाचली आणि मी जाहीर केलं, एकदम ठणठणीत! घरचं माणूस म्हणून पुढची तपासणी मी केलीच नाही. परक्या माणसाला मी ती केल्याशिवाय सोडत नाही. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मग एके दिवशी ऐन गर्दीत टेबलावर एक केसपेपर आला, त्यावर आमचंच आडनाव. दोघंही बाहेर रांगेत नंबर लावून बसले होते. आई आबांना घेऊन आत आली, पिशवीतून स्टीलचं ताट काढलं आणि माझ्या फायलींवर ठेवलं.

"अगं, आधी बस तरी!"

"बसते मंग. आधी ऐक." तिनं सांगायला घेतलं. "परवा हे चटणी चटणी करून राह्यले. मी काही बोलले न्हाई. गुपचूप ताट फिरवलं, इकडलं तिकडं. तर म्हंतात, आता कुठून आणली चटणी? अन् लगेच म्हंतात, भाजी कुठं गेली? भाजी ताटातच व्हती, पण डाव्या अंगाला गेल्ती. काल पुन्हा फिरवलं. दोन्ही टायमाला तेच."

"काही झालं न्हाई मला," आबा गुरगुरले. "ही उगाच..."

"थांबा हो! मंग मी ह्यांचा एक डोळा झाकला, ताट दाखवलं. दुसरा झाकला, दाखवलं. दोन्हीनं डावं दिसून न्हाई राह्यलं. आता तू सांग, ह्यात चटणीचा काय दोष अन् माझा काय?"

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. दोन्ही डोळ्यांना तीच एक बाजू दिसत नाही, म्हणजे बिघाड डोळ्यात नसतो. तो मागे मेंदूत असतो. मला हे शिकायला वर्षं लागली, आणि माझी आई ते ताटावरून शोधून एसटीनं घेऊन आली होती.

मी आबांना समोर बसवलं. "माझ्या नाकाकडे बघायचं, नजर हलवायची नाही. बोटं दिसली की किती ते सांगायचं." उजवीकडून हात आणला. "दोन," आबा फटकन म्हणाले. डावीकडून आणला. कानापासून गालापर्यंत आणला, पार डोळ्यासमोर यायला आला.

"दाखव ना जल्दी," आबा म्हणाले. "किती वेळ नुसतं नाक बघू?"

माझी चारही बोटं त्यांच्यासमोर पसरलेली होती.

त्याच दुपारी एमआरआय झाला. मेंदूत उजवीकडे मागच्या अंगाला लिंबाएवढी गाठ होती. डावीकडचं दिसणं मेंदूची उजवी बाजूच सांभाळते. संभाजीनगरला ऑपरेशन ठरलं. गाठ निघेल, सर्जन म्हणाले, पण गेलेली डावी बाजू परत येईल की नाही, हे आत्ता कुणीच सांगू शकणार नाही. आबांनी एवढंच विचारलं, "गाडी चालवता येईल का?" आई भिंतीला टेकून उभी होती.

गाठ पूर्ण निघाली. कॅन्सरची नव्हती. सर्जन मला म्हणाले, "चांगलं पकडलंत मॅडम. संशय कशावरून आला?"

गप्प बसले असते तर शाबासकी मलाच मिळाली असती. मी म्हटलं, "मी नाही पकडलं. माझ्या आईनं पकडलं, ताट फिरवून." त्यांना वाटलं मी गंमत करते. मग मी त्यांना तिथंच कॉरिडॉरमध्ये उभं करून सगळं ऐकवलं. आईची शाळा चौथीत सुटली. पण तिनं माझ्यासारखं फोनवर निदान ठोकलं नाही. पुन्हा पुन्हा करून बघितलं, एक एक डोळा झाकून बघितला, खात्री झाल्यावरच बोलली. माझ्या डिग्रीचा मला कधी इतका अभिमान वाटला नाही जितका त्या दिवशी तिचा वाटला. सांगताना माझा आवाज चढला होता आणि मला त्याची बिलकुल लाज नव्हती.

पहिले दोन महिने काही फरक नव्हता. आबा दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे आणि चौकटीलाच शिव्या द्यायचे. आई मला रोज विचारायची, "येईल ना गं?" मी म्हणायचे, वाट बघू. याहून जास्त मला खरंच माहीत नव्हतं.

तीन महिन्यांनी दोघं तपासणीला आले. आबा इस्त्रीचा शर्ट घालून, परीक्षेला आल्यासारखे. आईचं तोंड सुकलेलं. मी आबांना पुन्हा समोर बसवलं आणि म्हटलं, "माझ्या नाकाकडे बघा." माझाच हात वर होईना. नाहीच दिसलं तर तिला काय सांगू?

"अगं, खुणा कशाला करून राह्यली?" आबा एकदम खेकसले. "दोन बोटं काय दाखवती? पोरीनं अजून हातच न्हाई उचलला!"

मी वळले. नवऱ्याला पास करायला माझी आई कपाटाला टेकून छातीशी दोन बोटं धरून उभी होती. चोरी पकडल्यासारखी ओशाळली होती. रागवायला माझं तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. कपाट आबांच्या डाव्या हाताला होतं.

मी पुन्हा आबांकडे बघितलं. त्यांची नजर माझ्या नाकावरून हलली नव्हती.

आईच्याही लक्षात आलं. तिनं बोटं खाली घेतली नाहीत. हळूच आणखी एक वर केलं.

"तीन," आबा म्हणाले.