‘बघतो’ म्हणालो होतो

फोन बायकोच्या, सुनंदाच्या मोबाईलवर आला. परतूरहून, तिच्या धाकट्या बहिणीचा, मंगलचा. ऐकता ऐकता सुनंदा खालीच बसली आणि मला कळलं, की माझे साडू दिगंबरराव गेले. सकाळी चहा सांगितला आणि तो येईपर्यंत खुर्चीतच... जालन्याहून पुढची गाडी धरून आम्ही निघालो. सुनंदा खिडकीशी बसून रडत होती. मला मात्र, सांगायला लाज वाटते, एकच गोष्ट खात होती. जे त्यांना सांगायचं होतं ते आता राहिलंच. बरीच वर्षं झाली, एका ठिकाणी त्यांचं नाव लिहायला हवं होतं आणि ते मी लिहिलं नाही. ते कुठंतरी लागावं म्हणून नंतर खटपट केली. इथंही लिहितो आहे, कारण आमच्या सासुरवाडीला अजून वाटतं, की ते काम माझं.

आम्ही दोघंही संगणकवाले. जालन्याला राहायला येण्याआधी मी पुण्याच्या एका कंपनीत होतो, ते परतुरातल्या एका कॉलेजात संगणकांची प्रयोगशाळा सांभाळत. आष्टीला सासऱ्यांकडे कोणी पाहुणा आला, की सासरे ओळख करून देत, “हे पुण्याचे मोठे इंजिनियर, अन् हे आपले दिगंबर.” दिगंबरराव हसून म्हणत, “त्यांना पदवी मिळाली, मला ‘आपले’ मिळालं. बराबर वाटणी झाली.” मीही हसायचो. पण त्या ओळखीची मला सवय लागली होती, हे आता कबूल करतो.

त्या काळात मी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, जाणारा एक ड्रायव्हर, डिस्क चालवणारा प्रोग्राम, लिहीत होतो. मोठी डिस्क संथ असते, म्हणून तिच्यापुढे एक लहान पण चपळ डिस्क ठेवायची. दिगंबररावांनी हे सासऱ्यांना मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, गोदामावरून समजावलं होतं. “मामा, गाडी आली की माल आधी ओसरीवर उतरवायचा अन् गाडीवानाला म्हणायचं, मिळाला, जा. मंग सवडीनं आत गोदामात न्यायचा. जे पोतं ओसरीवर हाय त्याच्यावर खडूची खूण. आत गेलं की खूण पुसायची.” सासरे म्हणाले, “मंग ह्यात एवढं शिकायचं काय?” दिगंबरराव म्हणाले, “खूण कधी पुसायची, तेवढंच.”

कर्नलचा कोड उघडा असतो. तो मेलवर सगळ्यांपुढे ठेवायचा आणि ज्याला वाटेल त्यानं तपासायचा. माझा कोड तपासायला जगातले नावाजलेले लोक होते आणि परतूरहून दिगंबरराव होते. विद्यार्थ्यांच्या जुन्या जर्नलांच्या कोऱ्या पाठीवर ते तो छापून घेत, ओळीवर बोट ठेवत आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारत, इथं लाईट गेली तर? तेव्हा परतुरात लाईट रोजच जायची. मुद्दाम बॅटरी न लावलेला एक जुना संगणक त्यांनी घरी ठेवला होता. मंगल वैतागायची, “गावात लाईट गेली की लोक शिव्या देतात, अन् हे खूश होऊन वही काढतात!”

एक दिवस त्यांची मेल आली. चार ओळींची, साध्या इंग्रजीत. मोठी डिस्क ‘लिहिलं’ म्हणते तेव्हा तो मजकूर कधी कधी तिच्या स्वतःच्याच तात्पुरत्या आठवणीत असतो, पक्का उतरलेला नसतो. तुमचा ड्रायव्हर तेवढ्यावरच खूण पुसतो. नेमकी तेव्हा वीज गेली तर? माझ्या कंपनीत वीज जात नसे. मी सगळ्यांपुढे एका ओळीत उत्तर दिलं, ‘प्रत्यक्षात असं घडत नाही.’ पुढे कोणी विचारलं नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये गेला.

वर्षभरानं दूर देशातल्या कोणीतरी कळवलं, की वीज गेल्यावर फाईलमध्ये नव्या मजकुराच्या जागी जुनाच मजकूर परत येतो. मला शोधावं लागलंच नाही. ती चार ओळींची मेल काढली, त्यात विचारलेलीच जागा दुरुस्त केली आणि दुरुस्ती पाठवली. आमच्याकडे रीत अशी, की चूक ज्यानं प्रथम दाखवली त्याचं नाव दुरुस्तीखाली एका ओळीत लिहायचं. मी ते लिहिलं नाही. स्वतःला समजावलं, की त्यांनी चूक कुठं दाखवली, नुसतं विचारलं होतं. दुरुस्तीसोबतची ही नोंद एकदा कर्नलमध्ये गेली, की बदलता येत नाही. जगभर तिच्या प्रती होतात. कंपनीत माझा सत्कार झाला. आष्टीच्या एका लग्नात सासऱ्यांनी मांडवभर ते सांगितलं, तेव्हा दिगंबरराव माझ्या शेजारीच बसले होते. माझ्या पानात जिलेबी वाढायला लावून म्हणाले, “काम बराबर झालं, साडूभाऊ.”

नंतर एकदाच त्यांचा फोन आला. “तुमची दुरुस्ती वाचून राह्यलो. अजून एक जागा राह्यली बघा, तशीच.” मी मीटिंगमध्ये होतो. “बघतो,” म्हणालो. बघितलं नाही. त्यांनी परत आठवण केली नाही आणि त्यांची मेलही पुन्हा कधी सगळ्यांपुढे आली नाही...

तेराव्यानंतर मंगलनं कपाटातून कागदांचा एक गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. “दाजी, हे तुमचंच काय ते हाय. रद्दीत द्यायचं मन होईना.” वरच माझी दुरुस्ती छापलेली होती. तिसऱ्या पानावर पेन्सिलीचा गोल. चपळ डिस्क भरून गेली, की घाईनं जागा रिकामी करणारा एक वेगळा भाग आहे. तिथंही खूण आधीच पुसली जात होती. बाजूला त्यांनी पाच ओळींचा सुधारलेला कोड लिहिला होता, सुबक अक्षरात. त्याखाली मराठीत लिहिलं होतं, ‘सांगितलं. बघतो म्हणाले.’

मंगल समोर उभी होती. तिला मी सगळं सांगितलं, पहिल्या मेलपासून. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मला माहीत न्हाई असं वाटलं का तुम्हाला? ते म्हणायचे, साडूभाऊ वाईट न्हाईत, घाईत हायेत.” गठ्ठा माझ्याकडे सरकवत म्हणाली, “मंग आता तरी घाई न्हाई ना?”

दोन दिवस मी तिथंच राहिलो. त्यांचा जुना संगणक चालू होता. चपळ डिस्क भरायची, लिहायला लावायचं आणि भिंतीतलं बटण बंद करायचं. दहा वेळा काहीच झालं नाही. अकराव्यांदा जुना मजकूर परत आला. मग त्यांच्या पाच ओळी घातल्या आणि दिवसभर बटण खाली-वर करत राहिलो. एकदाही नाही. मंगलला विचारून ती दुरुस्ती मी पाठवली. लेखक म्हणून दिगंबररावांचं नाव लिहिलं. सोबतच्या पत्रात पहिल्या मेलचा, माझ्या एका ओळीच्या उत्तराचा आणि त्या फोनचा सगळा वृत्तान्त दिला. आठ दिवसांनी उत्तर आलं. कर्नलचा तो भाग तपासणाऱ्या बाईंनी दुरुस्ती स्वीकारली होती. खाली विचारलं होतं, ‘या लेखकाचं आणखी काही आहे का?’

मंगलला पडद्यावर ती नोंद दाखवली. तिनं चष्मा लावून नावावर बोट ठेवलं. “हे ह्यांचं. अन् तुमचं?”

“खाली. नुसतं पाठवणारा म्हणून.”

“बराबर,” ती म्हणाली, आणि सव्वा महिन्यात पहिल्यांदा हसली.

गठ्ठ्यात अजून बरीच पानं आहेत. दर मंगळवारी मी जालन्याहून सकाळच्या गाडीनं परतूरला जातो आणि त्यांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीत बसून एकेक पान वाचतो. पेन्सिलीची कुठली खूण अजून लागू आहे, कुठली जुनी झाली, ते वहीत लिहून घेतो. परवा एका पानावर त्यांची शंका मला साफ चुकीची वाटली. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. “साडूभाऊ, इथं मात्र तुम्ही चुकलात,” मी मोठ्यानंच म्हणालो.

स्वयंपाकघरातून मंगलचा आवाज आला, “नीट वाचा दाजी, मंग बोला.”

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवून परत वाचायला घेतलं.