कोणत्या अलार्मवर लाइन पाडायची

ही गोष्ट सांगताना मी थोडी फुशारकी मारणार आहे, ते आधीच सांगून टाकते.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची ती वर्षं. विरारमध्ये एका छोट्या इंटरनेट कंपनीच्या केंद्रात मी नोकरीला होते. केंद्र कसलं, दोन खोल्या. थंडगार खोलीत यंत्रं आणि पंख्याच्या खोलीत मी. मुंबईकडून आमच्याकडे दोन लाइन यायच्या. मोठी फायबरची, म्हणजे काचेच्या तारेतून उजेडाने निरोप नेणारी. ती वसईवरून भुईगाव, निर्मळ करत वाड्यांमधून आमच्यापर्यंत येई. दुसरी गच्चीवरच्या रेडिओची, अगदी बारीक. मोठी पडली की राउटरने सगळी रहदारी बारकीवर वळवायची, अशी व्यवस्था.

त्या उन्हाळ्यात मोठी लाइन रोज पडू लागली. पडायची आणि तीन मिनिटांनी आपली आपण उठायची. तेवढ्यात बारकीवर सगळं रखडायचं आणि सायबर कॅफेवाल्यांचे फोन सुरू. मुंबईच्या साहेबांनी एका वाक्यात निकाल दिला, "जॉइंट कच्चे आहेत."

जॉइंट करणारे अंकल भुईगावचे. पन्नाशीचे, ख्रिस्ती, कमी बोलणारे. घरी त्यांची बोली वेगळी, माझ्याशी मात्र साधी मराठी. केसाएवढी बारीक फायबर ते अशी जोडत की मीटरवर जोड शोधून काढावा लागे. दोन आठवड्यांत साहेबांनी त्यांच्याकडून एकूण एक जॉइंट उघडून घेतला. कुठेही काही सापडलं नाही. तरी महिनाअखेरीस त्यांना कामावरून काढायचं ठरलं. गावात बातमी आधीच पोचली होती. "बाय, चर्चच्या बाहेर लोक विचारतात, तुझी लाइन कशी आहे," एवढंच ते मला म्हणाले. मला साहेबांचा इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांचा फोनच उचलला नाही.

मग मी राउटरची नोंद घेऊन बसले. अलार्म एकाच जातीचा होता. मधलं एखादं यंत्र जेव्हा सांगतं, 'मला मागून काही मिळत नाही, माझ्या भरवशावर राहू नका', तो हा अलार्म. दर वेळी तो जेमतेम अर्धा सेकंद टिकलेला. पण आमचा राउटर असा घाबरट की तेवढ्यावर तो इंटरफेस पाडायचा, म्हणजे त्या लाइनचं दारच बंद करायचा. मग पुन्हा उघडून सगळ्यांना नवे रस्ते सांगण्यात तीन मिनिटं जायची. शेजारी भांडं पडलं म्हणून कुणी घर सोडून पळतं का?

अर्धा सेकंद कशाचा, ते मात्र कळेना. आदला आठवडाभर लाइन सकाळी नऊच्या सुमारास पडायची. सोमवारपासून ती दुपारी एकला पडू लागली. त्याच सोमवारी आईने मला डबा देताना सांगितलं होतं की वडील आता वाडीला पाणी फिरवून उशिरा जेवणार, विजेची पाळी बदलली. आमची निर्मळला केळी आणि फुलांची वाडी. मोटरला लागणारी थ्री फेज वीज एक आठवडा सकाळी, एक आठवडा दुपारी. कोण वाट बघत बसणार? प्रत्येकाने मोटरला ऑटो स्विच लावलेला. वीज आली रे आली की साऱ्या वाड्यांच्या मोटरी एकदम सुरू. डब्यातली भाजी तोंडात असतानाच माझी ट्यूब पेटली. कंपनीची मधल्या यंत्राची केबिन निर्मळलाच होती, वाड्यांच्या ऐन मध्ये!

दुसऱ्या दिवशी अंकलना घेऊन मी एकच्या आधी त्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले. विजेचा मीटर लावला. एक वाजला, चहूकडून मोटरींची घरघर उठली, मीटरचा काटा धाडकन खाली आला आणि यंत्राचा लाल दिवा एकदा लुकलुकून विझला. केबिनच्या बॅटरीने तो झटका सोसायचा, पण ती पार म्हातारी झाली होती. अंकलनी बाहेर वाड्यांकडे हात केला. मग म्हणाले, "ह्यात तुमच्या घरची मोटर पण आहे, बाय." होतीच की! सर्वात जुनी आणि सर्वात हावरी.

बॅटरीसाठी अर्ज केला. ती येणार पावसाळ्यानंतर. साहेब फोनवर म्हणाले, "मग अलार्म बघणंच बंद करून टाका." मी सरळ नाही म्हटलं. बाहेरची फायबर आमच्या खोलीतल्या यंत्रात येते आणि राउटरला उजेड मिळतो तो त्या यंत्राकडून; बाहेर काहीही तुटलं तरी तो कायम मिळत राहणार. फायबर निर्मळला तुटली तर ते सांगणारा हाच एक अलार्म. तो बंद केला तर राउटर खुशाल तुटलेल्या लाइनवर माल ओतत बसेल. मी अलार्मची माझी वाटणी सांगितली. खोलीतलाच उजेड गेला तर इंटरफेस ताबडतोब पाडायचा. येणाऱ्या मालात चुका थोड्या वाढल्याचा अलार्म आला तर नुसती नोंद. आणि हा मधल्या यंत्राचा अलार्म आला तर एक सेकंद थांबायचं. तरी टिकला, तरच पाडायचं.

साहेब म्हणाले, "लाइन खरी तुटली तर इंटरफेस पडेल हे दाखवा. मी येतो."

ते आले. अंकल निर्मळच्या केबिनमध्ये, मी विरारला राउटरसमोर, साहेब माझ्या मागे. एकला अलार्म आला, नोंद झाली आणि इंटरफेस जागचा हलला नाही. मग अंकलचा फोन आला, "फायबर काढू?" ज्यांच्यावर लाइन पाडल्याचा आळ होता, त्यांनाच मी ती पाडायला सांगत होते. "काढा," म्हटलं. एक सेकंद. इंटरफेस पडला, रहदारी रेडिओवर गेली. खालच्या सायबर कॅफेत पोरं पडद्यावर टाइप करत गप्पा मारत होती, ती मारतच राहिली; तेवढ्याला बारकी लाइन पुरली. मला नाचावंसं वाटत होतं.

संध्याकाळी अंकल विरारला आले. मी इंग्रजीतला अहवाल साहेबांसमोर सहीसाठी ठेवला. अंकल म्हणाले, "मराठीत पण द्या. घरी वाचायचाय." मी तिथेच चार ओळी लिहिल्या: लाइन पडण्याचं कारण वीज होतं, जॉइंटरच्या कामात दोष आढळला नाही. अंकलनी कागद हातात घेऊन उभ्याउभ्या सावकाश, मोठ्याने वाचला.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद साहेबांपुढे सरकवला आणि 'जॉइंटर' या शब्दावर बोट ठेवलं.

"साहेब, जॉइंटर कोणीपण असतो. इथं माझं नाव घाला. पूर्ण, बापाच्या नावासकट."

साहेबांनी पेन काढलं, आडनावाची जोडाक्षरं त्यांना विचारून घेतली आणि स्वतःच्या हाताने ते नाव लिहिलं.